त्या चार्टपेपरांचं पुढे काय झालं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वस्तीतल्या तरुणांसाठी एका छोट्या गटाने दोन कार्यशाळा आणि एक मोठा कार्यक्रम घेतला. पहिल्या वेळी ६० मुलंमुली आल्या, दुसऱ्या वेळी २०, तिसऱ्या वेळी मुख्यतः आयोजकांचीच भावंडं. विषय चांगले होते, वक्तेही चांगले होते. मग चुकलं कुठे, आणि पुढची कार्यशाळा कशी आखायची?

मी बरीच वर्षं हेच काम करतो आहे. तुमचा प्रश्न वाचून मला आधी एक उलट प्रश्न विचारावासा वाटतो: पहिल्या कार्यशाळेत मुलांनी जे चार्टपेपर लिहिले, ते आता कुठे आहेत? गटागटाने बसून त्यांनी वस्तीतल्या अडचणी लिहिल्या असतील, उपाय सुचवले असतील, शेवटी ते कागद भिंतीला चिकटवून सगळ्यांचा फोटो निघाला असेल. त्यानंतर त्या कागदांचं काय झालं, हे त्या ६० जणांपैकी किती जणांना ठाऊक आहे?

‘तरुण येत नाहीत’ ही तक्रार मी सतत ऐकतो. माझा अनुभव वेगळा आहे. ते एकदा येतातच. मित्राने ओढून आणलं म्हणून, घरी बसून कंटाळा आला म्हणून, किंवा खरंच काही करायची इच्छा आहे म्हणून येतात. दोन तास मनापासून बोलतात. मग आठवडा जातो, महिना जातो, आणि त्यांच्या बोलण्याचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. पुढचं निमंत्रण येतं तेव्हा त्यांनी मनातल्या मनात हिशेब केलेला असतो. तुमच्याकडे पहिल्या वेळेचे ६० दुसऱ्या वेळी २० झाले, त्याचं कारण मी आधी इथे शोधेन. विषयात आणि वक्त्यांत नंतर.

म्हणून आखणीची सुरुवात विषयापासून करू नका. आधी हे ठरवा की कोणता निर्णय तुम्ही मुलांच्या हातात देणार आहात. तो लहान असला तरी चालेल. मैदान कुणी कोणत्या वेळी वापरायचं, वाचनालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं, तुमच्या गटाच्या वर्षाच्या खर्चातला एक ठरावीक भाग कशावर खर्च करायचा. ‘वस्तीचा विकास’ हा निर्णय नाही, तो निबंधाचा विषय आहे, आणि निबंध त्यांनी शाळेत पुष्कळ लिहिलेले असतात.

शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. १९९२ मध्ये रॉजर हार्ट यांनी युनिसेफसाठी लिहिताना तीच कल्पना मुलांच्या सहभागाला लावली. त्यांच्या शिडीच्या खालच्या तीन पायऱ्या अशा: मुलांना आपल्या कामासाठी वापरून घेणं, त्यांना शोभेला उभं करणं, आणि तोंडदेखलं विचारणं. या तिन्हींना हार्ट सहभाग मानतच नाहीत. चौथ्या पायरीपासून, म्हणजे काम मोठ्यांनी ठरवलेलं असलं तरी ते कशासाठी आहे हे मुलांना नीट सांगितलेलं असतं तिथपासून, खरा सहभाग सुरू होतो. लोक ही शिडी वाचतात आणि थेट आठव्या पायरीवर उडी मारायला बघतात. प्रत्येक वेळी सर्वांत वर असायलाच हवं, असं हार्ट यांचंही म्हणणं नाही. चौथी पायरी प्रामाणिकपणे चौथी म्हणून सांगितली तर मुलांना ती चालते. ‘सगळं तुम्हीच ठरवायचं आहे’ असं सांगून आतून दुसऱ्या पायरीवर उभं राहिलात, तर ते त्यांना पहिल्या अर्ध्या तासात कळतं.

रोजच्या कामात मला याहूनही उपयोगी पडतं ते लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये मांडलेलं चार गोष्टींचं सूत्र. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १२ वं कलम सांगतं की मुलांशी संबंधित बाबींत त्यांना मत मांडता आलं पाहिजे आणि त्या मताला त्यांच्या वयाप्रमाणे व समजेप्रमाणे वजन मिळालं पाहिजे. ते पाळायचं तर काय लागतं, हे लंडी यांनी सांगितलं: बोलायला सुरक्षित जागा, बोलण्यासाठी मदत, ऐकणारा माणूस, आणि ऐकल्याचा परिणाम. बहुतेक कार्यशाळांत पहिल्या दोन गोष्टी असतात. जागा असते, खेळ असतात, मार्कर आणि चिठ्ठ्या असतात. ऐकणारा माणूस, म्हणजे ज्याच्या सहीने ती गोष्ट खरंच होऊ शकते असा माणूस, तिथे नसतो. मग चौथी गोष्ट येणार कुठून?

हे मी ठेच लागून शिकलो. एका वस्तीत आम्ही मैदानाच्या वेळापत्रकावर कार्यशाळा घेतली. मुलींनी पहिल्यांदाच मोकळेपणाने सांगितलं की संध्याकाळी मैदान पूर्ण मुलांच्या ताब्यात असतं, त्यांना कडेने चालायलासुद्धा नको वाटतं. दोन तास वाद झाला, रुसवेफुगवे झाले, आणि शेवटी मुलामुलींनी मिळून खरोखर चांगलं वेळापत्रक बनवलं. मैदान ज्यांच्या ताब्यात होतं त्या संस्थेला मात्र आम्ही आधी विचारलंच नव्हतं. त्यांनी नकार दिला. ते सांगायला मी गेलो तेव्हा एका मुलीने विचारलं, “मग आम्हाला विचारलं कशाला?” मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून माझा नियम आहे: निर्णय ज्याच्या हातात आहे त्याच्याकडून कार्यशाळेआधी लेखी घ्यायचं की मुलं जे ठरवतील त्याला तो ठरावीक तारखेपर्यंत उत्तर देईल. ‘हो’ म्हणायचं बंधन नाही, कारणासह उत्तर द्यायचं बंधन आहे. एवढंही कुणी लिहून द्यायला तयार नसेल, तर त्या विषयावर कार्यशाळा घेऊ नका, दुसरा विषय निवडा.

मुलांच्या हातात मोठा पैसा देता येत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी बोस्टन शहराचं उदाहरण देतो. लोकांनीच खर्च ठरवण्याची पद्धत १९८९ मध्ये ब्राझीलच्या पोर्तो आलेग्रे शहरात सुरू झाली. बोस्टनने २०१४ मध्ये ती तरुणांसाठी वापरली आणि शहराच्या भांडवली खर्चातले १० लाख डॉलर कशावर खर्च करायचे, हे १२ ते २५ वयाच्या रहिवाशांच्या मतदानावर सोपवलं. तुमच्या गटाकडे त्याचा हजारावा भाग असेल, तरी तत्त्व तेच राहतं.

आता कार्यशाळेआधीच्या दिवसांबद्दल. मी किमान तीन आठवडे धरतो, आणि त्यातला बराच वेळ चालण्यात जातो. मुलं आधीपासून जिथे थांबतात तिथे जायचं. नाका, मैदान, शिकवणीचा जिना, पाणी भरायची जागा. ‘तुम्हाला कोणती कार्यशाळा हवी?’ असं विचारू नका. त्याला ‘व्यक्तिमत्त्व विकास’ किंवा ‘करिअर मार्गदर्शन’ असं तयार उत्तर येतं, कारण मोठ्यांना तेच ऐकायचं असतं हे मुलांना माहीत असतं. मी विचारतो: गेल्या शनिवारी दुपारी काय केलंस? वस्तीत कोणत्या रस्त्याने जायचं टाळतेस? शेवटचा राग कशाचा आला होता? अशा पंधरा-वीस गप्पांतून विषय आपोआप वर येतो. जमलं तर दोन-तीन मुलांकडून वस्तीचा नकाशा जमिनीवर खडूने काढून घ्या. मुलींचा आणि मुलांचा नकाशा वेगवेगळा काढायला सांगा. एकाच वस्तीचे दोन नकाशे इतके वेगळे निघतात की पुढच्या तीन कार्यशाळांचं साहित्य तिथेच मिळतं.

याच फेऱ्यांत पाच-सात जणांचा गट जमवा, आखणीत पहिल्या दिवसापासून बसणारा. इथे एक मोह टाळावा लागतो. शिक्षक किंवा पालक ज्यांची नावं सुचवतात ती हुशार, नीट बोलणारी, प्रत्येक समितीत असणारी मुलं असतात. त्यातली दोन घ्या. बाकीच्यांत एखादा शाळा सोडून कामाला लागलेला मुलगा असू दे, धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी असू दे, आणि नाक्यावरच्या टोळक्याचा जो म्होरक्या असेल तोही असू दे. तो आला तर त्याच्यामागे दहा जण येतात. तो बाहेर राहिला तर तेच दहा जण दारात उभे राहून हसतात.

वेळ आणि जागा ठरवताना कोण येऊ शकणार नाही, याचा विचार आधी करा. सकाळची वेळ ठेवली की कामावर जाणारे गळतात. संध्याकाळ लांबली की मुलींना घरून परवानगी मिळत नाही. परीक्षेच्या आधीचे दिवस तर सोडूनच द्या. जागा कुठल्याही पक्षाची, कुठल्याही धार्मिक स्थळाची किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांच्या नजरेखालची नको. तिथे निम्मी मुलं येत नाहीत आणि आलेली जपून बोलतात. स्वच्छतागृह आहे का, चाकाची खुर्ची आत जाते का, हे स्वतः जाऊन बघा, फोनवर विचारू नका. मुलींच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलण्याला पर्याय नाही. छापील पत्रकाने ते काम होत नाही, व्हॉट्सॲपच्या निरोपाने तर नाहीच.

वयाचा घोळ बऱ्याच ठिकाणी होतो. संयुक्त राष्ट्रं आकडेवारीसाठी १५ ते २४ वयाच्या व्यक्तींना तरुण मानतात, आणि बालहक्क करारात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल आहे. म्हणजे १५ ते १७ वयाची मुलं दोन्हींत मोडतात. तुमच्या कार्यशाळेत १३ वर्षांची मुलगी आणि २३ वर्षांचा तरुण एकाच गटात बसणार असतील, तर तिचं तोंड उघडणार नाही, आणि ते सुरक्षितही नाही. मी १३ ते १५, १६ ते १८ आणि त्यापुढचे असे गट करतो. खेळ एकत्र, चर्चा वेगळी.

सुरक्षिततेबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण उत्साही गट नेमकं हेच विसरतात. १८ खालच्या मुलांबरोबर कोणताही मोठा माणूस एकट्याने, बंद दारामागे थांबणार नाही, हा नियम सगळ्या स्वयंसेवकांना, अगदी तुमच्या सर्वांत विश्वासू मित्रालाही, लागू असायला हवा. फोटो काढण्याआधी मुलाची आणि पालकांची परवानगी घ्या, आणि ‘नको’ म्हणणाऱ्यांना फोटोच्या वेळी बाजूला उभं राहून ओशाळायला लागू नये अशी रचना करा. स्वयंसेवकांनी मुलांना खासगी मेसेज पाठवू नयेत. बोलणं गटात, दोन मोठ्यांच्या देखत. काही खटकलं तर कुणाला सांगायचं त्या व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर सुरुवातीलाच भिंतीवर लावा.

आणि एक प्रसंग गृहीत धरून ठेवा. मोकळी जागा दिलीत की कधीतरी कुणीतरी येऊन हळूच सांगतं की घरी मारहाण होते, किंवा कुणी त्रास देतं, किंवा जगावंसं वाटत नाही. त्या क्षणी ‘मी कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ते तुम्हाला पाळता येणार नाही, आणि मोडलंत तर ते मूल पुन्हा कुणाला सांगणार नाही. ‘सांगितलंस ते बरं केलंस. तुला मदत मिळावी म्हणून मला एका व्यक्तीशी बोलावं लागेल, ती कोण ते मी तुला आधी सांगेन’ असं म्हणा. ती व्यक्ती कोण, समुपदेशक कुठे आहे, बाल हेल्पलाइन कोणती, हे कार्यशाळेच्या आदल्या दिवशीच प्रत्येक स्वयंसेवकाच्या खिशात लिहिलेलं हवं. सर्वांच्या समोर खोदून विचारणं, धीर द्यायचा म्हणून गटाला सांगून टाकणं, हे दोन्ही टाळा.

प्रत्यक्ष कार्यशाळेसाठी अडीच तास पुरतात, आणि २५ च्या वर संख्या नको. ६० आले तर आनंद माना, पण दोन दिवसांत विभागा. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक, मनोगत यांत पहिला पाऊण तास घालवू नका. पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येकाच्या तोंडून एक तरी वाक्य बाहेर आलं पाहिजे, कारण सुरुवातीला गप्प बसलेलं मूल नंतरही बहुधा गप्पच राहतं. पाहुणे बोलवायचेच असतील तर शेवटच्या अर्ध्या तासात, ऐकायला बोलवा. त्यांना भाषणाची संधी देऊ नका, मुलांनी लिहिलेला एक प्रश्न द्या.

चर्चेची पद्धत हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. ‘चला, सुचेल ते सांगा’ असं म्हणून फळ्यावर लिहायला सुरुवात केली की चार जण बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की लोक एकत्र बसून बोलत कल्पना काढतात तेव्हा, तितकेच लोक एकेकटे बसून काढतात त्यापेक्षा कमी कल्पना निघतात. मुख्य कारण साधं होतं: दुसरा बोलत असताना आपल्याला थांबावं लागतं, आणि तेवढ्यात आपलं सुचलेलं अडतं. म्हणून आधी पाच मिनिटं पूर्ण शांतता, प्रत्येकाने स्वतःच्या चिठ्ठीवर लिहायचं किंवा चित्र काढायचं. चित्राची मुभा महत्त्वाची आहे. ज्यांना लिहायला वेळ लागतो त्यांना ती वाचवते. मग जोडीत बोलायचं, मग चौघांत, आणि शेवटी सगळ्यांत. मत देताना आवडलेल्या कल्पनेसमोर उघड्यावर टिकल्या लावू देऊ नका. पहिल्या पाच टिकल्या जिथे पडतात तिथे बाकीच्या ओढल्या जातात. चिठ्ठी दुमडून डब्यात टाकायला सांगा.

ज्यांना एकमेकांची ओळख झाली आहे अशा गटाबरोबर, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपासून, टेबलं बदलत बोलण्याची पद्धत चांगली चालते: वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्या, प्रत्येक टेबलावर एक यजमान थांबतो, बाकीचे हलतात. छेडछाड, घरातली भांडणं, व्यसन अशा विषयांवर मला सर्वांत जास्त भरवसा वाटतो तो ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगुस्तो बोआल यांच्या फोरम थिएटरवर. मुलंच एक छोटा प्रसंग बसवतात, तो वाईट वळणावर संपतो. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू होतो, आणि प्रेक्षकांतला कुणीही ‘थांबा’ म्हणून त्रास सोसणाऱ्या पात्राची जागा घेतो आणि वेगळं वागून बघतो. भाषणाने जे कधी निघत नाही ते इथे निघतं. मात्र त्यानंतर अर्धा तास शांतपणे बसून बोलायला राखून ठेवा. भूमिका करणाऱ्याला पात्रातून बाहेर आणल्याशिवाय घरी पाठवू नका.

मोठ्या कार्यक्रमाचं काम वेगळं असतं. त्याने नवे चेहरे दारापर्यंत येतात, एवढंच, आणि तेही थोडं नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९९९ मध्ये १२ ऑगस्ट हा आंतरराष्ट्रीय युवा दिन ठरवला, आणि पुष्कळ गट त्या दिवशी वर्षातला एकमेव कार्यक्रम करतात. करा, पण त्या गर्दीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला पुढची छोटी भेट कधी आणि कुठे आहे हे माहीत असलं पाहिजे, आणि ती दहा दिवसांच्या आत हवी. टी-शर्ट आणि प्रमाणपत्रांचा पैसा वाचवून तो या भेटींवर घाला.

हजेरीच्या आकड्याला मी फार महत्त्व देत नाही. वहीत तीन गोष्टी लिहितो: कोण आलं, कोण बोललं, आणि तिसऱ्या भेटीला कोण परत आलं. ‘कोण बोललं’ याचा रकाना भरताना बहुतेक आयोजकांना धक्का बसतो. तिसऱ्या भेटीला आलेल्यांपैकी कुणी स्वतःहून मित्राला घेऊन आलं असेल, तर तुमचं काम चाललं आहे. या वहीवरूनच पुढच्या वर्षी सूत्रं कुणाच्या हाती द्यायची तेही कळतं. त्यांना सूत्रसंचालनाआधी हिशेब शिकवा.

आता तुमचं पुढचं पाऊल. नवी कार्यशाळा जाहीर करू नका. ते जुने चार्टपेपर शोधून काढा. कपाटावर, कुणाच्या घरी, फोटोंत, कुठेतरी सापडतील. मुलांनी लिहिलेल्या प्रत्येक ओळीसमोर तीनपैकी एक गोष्ट लिहा: हे झालं, हे होणार नाही आणि कारण हे, यासाठी आम्ही काहीच केलं नाही. शेवटचं लिहिताना हात अडखळेल, तरी लिहा. मग पहिल्या दिवसाच्या हजेरीतून, दुसऱ्या वेळी न आलेल्यांपैकी दहा नावं निवडा, त्यांच्या घरी किंवा कट्ट्यावर जा, तो कागद त्यांच्यासमोर उलगडा आणि ‘यातलं आधी काय घ्यायचं?’ एवढंच विचारा. त्यांना बोलू द्या, मधे समर्थन करू नका. मी वर सांगितलेल्या त्या मैदानाच्या प्रकरणात आम्ही सहा आठवड्यांनी असेच परत गेलो होतो. “मग आम्हाला विचारलं कशाला?” म्हणणाऱ्या मुलीने कागद हातात घेतला, वेळापत्रकावर काट मारली आणि खाली लिहिलं, ‘मैदानाच्या कडेचा दिवा.’ ते काम आम्हाला करता येण्यासारखं होतं, आणि दिवा लागायच्या दिवशी ती आठ जणींना घेऊन आली होती.